साध्या संदेशात गणिती सूत्र लिहिताना छेद कुठे संपतो, हे कसे दाखवावे?

वर्ग_दहावी_ब

नमस्कार. मी मराठी माध्यमाच्या एका शाळेत नववी आणि दहावीच्या वर्गांना बीजगणित शिकवते. संध्याकाळी मुलांच्या शंका फोनवर येतात आणि त्यांची उत्तरे मी टंकलेल्या संदेशातूनच देते. बहुतेक घरांत फोन एकच असतो, तोही वडिलांबरोबर दिवसभर बाहेर असतो, त्यातली जागा कायम भरलेली असते, आणि वहीच्या पानाचा फोटो पाठवला तर "बाई, तो उघडलाच नाही" हे दुसऱ्या दिवशी ऐकावे लागते. मजकूर मात्र पोहोचतो. अडचण अशी की जे सूत्र मी फळ्यावर न बघता लिहिते, तेच एका ओळीत टंकताना माझा गोंधळ उडतो.

गेल्या आठवड्यातला प्रकार सांगते. पुस्तकात चलांसाठी इंग्रजी अक्षरे असतात. येथे मी जुन्या पद्धतीने क्ष, अ, ब, क घेत आहे. वर्गसमीकरणाचे सूत्र मी असे पाठवले:

क्ष = (-ब ± √(ब² - ४अक)) / २अ

वर्गमूळाखाली काय येते ते कंसाने बांधले, अंशही कंसात घातला, आणि आपण फार काळजीपूर्वक लिहिले असे समजून निश्चिंत झाले. गृहपाठातले पहिले उदाहरण क्ष² - ५क्ष + ६ = ० हे होते आणि त्याची ३ आणि २ ही उत्तरे सगळ्यांची बरोबर आली. दुसरे २क्ष² - ७क्ष + ३ = ० हे होते. त्याची उत्तरे ३ आणि १/२ यायला हवी होती, पण आठ-दहा जणांनी १२ आणि २ अशी लिहिली होती. एकाचे पाहून दुसऱ्याने उतरवले असावे, असे मला आधी वाटले. मग एका मुलीची वही ओळीओळीने वाचली. तिने विवेचक (ब² - ४अक) २५ काढला होता, त्याचे वर्गमूळ ५ घेतले होते, ७ + ५ = १२ केले होते, आणि त्याखाली स्वच्छ अक्षरात १२ ÷ २ × २ = १२ असे लिहिले होते. तिने कंचेभागुबेव हा क्रियांचा क्रम इमानेइतबारे पाळला होता. "२अ" हा सगळा छेद आहे, हे फळ्यावर आडवी रेघ सांगते. माझ्या संदेशात ते सांगणारे काहीच नव्हते. पहिल्या उदाहरणात अ = १ होता, म्हणून चूक झाकली गेली.

आमच्या विज्ञानाच्या सरांची कथा वेगळी नाही. त्यांनी आपल्या टिपणांच्या फाइलमधून प्रकाशाचा वेग उचलून संदेशात चिकटवला, तो मुलांना "३ × १०८ मीटर प्रति सेकंद" असा दिसला, आणि एका मुलाने प्रकाश सेकंदाला ३२४ मीटर जातो असे उत्तर लिहून दिले.

माझे विचारणे असे की घात, वर्गमूळ, अपूर्णांक, लहान-मोठेपणाची चिन्हे हे सगळे साध्या मजकुरात लिहिण्याची काही ठरलेली रीत आहे का, की ज्याने त्याने आपापली ठरवायची? ² आणि √ ही चिन्हे सगळ्या फोनवर दिसतात का? आणि दहावीच्या मुलाला ती रीत दहा मिनिटांत समजावून सांगता येईल का?

---

कोडवाला_पुणेकर

ताई, ठरलेली रीत आहे, पण ती गणिताच्या पुस्तकांतून आलेली नाही. संगणकाला सूत्रे टंकून देण्याच्या गरजेतून आलेली आहे. बेरीज-वजाबाकीला + आणि -, गुणाकाराला *, भागाकाराला /, घाताला ^, आणि बाकी सगळे कंसांवर. १९५७ साली आलेल्या फोरट्रान या संगणकीय भाषेत घातासाठी दोन तारे (**) लिहीत, कारण त्या यंत्रांवर वर उचललेला अंक टंकण्याची सोयच नव्हती. ^ या चिन्हाची गंमत अशी की १९६३ च्या आस्की या सांकेतिक संचात त्या जागी वर जाणारा बाण ↑ होता आणि तोच घातासाठी वापरत. १९६७ च्या आवृत्तीत बाण जाऊन तेथे ^ आले, आणि बाणाचे काम आपसूक त्याच्या गळ्यात पडले.

आपल्या दोन प्रसंगांत मात्र दोन निरनिराळे आजार आहेत, आणि त्यांची औषधेही निरनिराळी आहेत.

विज्ञानाच्या सरांचा ८ हा मुळात घातांक नव्हताच. तो साधा आठ होता आणि फाइलमध्ये त्याला सजावट म्हणून वर उचलून लहान केले होते. संदेशात चिकटवताना सजावट गळून पडते आणि आठ खाली येऊन दहाला चिकटतो. आपण टंकलेला ² तसा नाही. तो युनिकोड या सर्व लिप्यांच्या सांकेतिक संचातला स्वतंत्र वर्ण आहे, त्यामुळे कोठेही चिकटवला तरी वरच राहतो. ¹, ², ³ हे जुन्या संचापासून आहेत, ⁰ आणि ⁴ पासून ⁹ पर्यंतचे नंतर आले. हल्लीच्या फोनवर हे सगळे दिसतात, तसेच √, ≤, ≥, ≠, ±, ×, ÷, π हेही. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत इंग्रजी कळफलकाच्या आकड्यांच्या पानावर २ किंवा ३ दाबून धरला की ² आणि ³ वर येतात, आणि = दाबून धरला की ≠ मिळते. देवनागरीत मात्र वरचे घातांक नाहीत, म्हणून "५²" लिहिताना पाया मराठी आणि घातांक इंग्रजी अशी जोडी चालवून घ्यावी लागते. अक्षरावर बसणारे देवनागरी अंक युनिकोडमध्ये २००९ साली आले खरे, पण ते सामवेदाच्या स्वरांकनासाठी आहेत. घातांक म्हणून वापरू गेलात तर वर्गसमीकरण सामगायनासारखे दिसेल.

माझा सल्ला असा की घातांक एक अंकी असेल तर ² किंवा ³ लिहावे, आणि त्यात अक्षर, अपूर्णांक किंवा ऋण चिन्ह असेल तर ^ घेऊन कंस करावा: २^(न+१), १०^(-३), क्ष^(१/२). प्रकाशाच्या वेगाला ३ × १०^८.

आता आपला आजार. फळ्यावरचे सूत्र दोन दिशांना पसरलेले असते. आडवी रेघ म्हणजे छेद आणि अंश या दोघांभोवतीचे न लिहिलेले कंस. वर्गमूळाची लांब शेपटी हाही एक कंसच, आणि वर उचललेला "न+१" हासुद्धा. सूत्र एका ओळीत आणले की हे सगळे अदृश्य कंस नाहीसे होतात आणि ते आपल्याला हाताने परत घालावे लागतात. आपण त्यांतले दोन घातले, तिसरा राहिला.

क्ष = (-ब ± √(ब² - ४अक)) / (२अ)

मुलांना पटवायचे असेल तर त्यांच्याकडून आकडे घालून घ्या. (क्ष+१)/(क्ष-१) मध्ये क्ष = ३ घातला की २ येतात; तेच कंसांवाचून क्ष+१/क्ष-१ असे लिहिले तर ३ + १/३ - १, म्हणजे २ पूर्णांक १/३ होतात. √(९+१६) हे ५ आहे आणि √९+१६ हे १९. "१/२क्ष" तर मी कोणी लिहिले तरी लेखकाला विचारल्याशिवाय सोडवत नाही, कारण क्ष = ४ असताना त्याचे २ पण होतात आणि १/८ पण होतात. २०१९ साली ८ ÷ २(२+२) या एका ओळीवरून समाजमाध्यमांवर सोळावाले आणि एकवाले असे दोन तट पडून जुंपली होती. मला विचाराल तर चूक उत्तर देणाऱ्यांची नव्हतीच, कंसाचा कंजूषपणा करणाऱ्याची होती.

आणि त्या मुलीला रागावू नका. तिने केले ते लिखित नियमाला धरूनच होते. इतकेच सांगा की कंचेभागुबेव मधला "भा" आधी आला म्हणून भागाकार थोर ठरत नाही. भागाकार आणि गुणाकार एकाच दर्जाचे असून डावीकडून जो आधी येईल तो आधी करतात. तसेही तिचे उत्तर १२ च आले असते.

---

आडवी_रेघ

एवढा व्याप कशासाठी, हे मला समजत नाही. गणित ही डोळ्यांनी पाहायची गोष्ट आहे. कागदावर लिहावे, फोटो काढावा, लहान करून पाठवावा. नाहीतर सरळ लाटेक, म्हणजे गणिती मजकूर खुणांनी लिहून मांडण्याची संगणकीय पद्धत, शिकवावे. जगभरचे गणिती पत्रव्यवहारात तेच कच्च्या स्वरूपात लिहितात आणि वाचतात. तीन-चार कंस एकात एक गेलेली ओळ दहावीच्या मुलाने फोनच्या चिंचोळ्या पडद्यावर वाचावी, ही अपेक्षाच मला अवाजवी वाटते.

---

कोडवाला_पुणेकर

लाटेकबद्दल माझे मत वाईट नाही, माझे रोजचे काम त्यातच चालते. पण ज्या टेकवर ते उभे आहे ते डोनाल्ड क्नूथ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस छपाईसाठी घडवले. न छापता वाचण्यासाठी ते नाही. त्यातही सापळे आहेतच: क्ष^१० असे लिहिले तर टेक फक्त १ वर नेते आणि ० खाली ठेवते, १० साठी महिरपी कंस घालावा लागतो. कंस मोजण्यापासून तेथेही सुटका नाही.

चिंचोळ्या पडद्याचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. त्यावर माझा उपाय ओळी वाढवण्याचा आहे. आपल्याकडे वर्गात विवेचक आधी वेगळा काढायला शिकवतातच, तेच संदेशात करावे:

ड = ब² - ४अक
क्ष = (-ब + √ड) / (२अ)
किंवा क्ष = (-ब - √ड) / (२अ)

एकात एक जाणारा तिसरा कंस दिसला की तेवढ्या तुकड्याला नाव द्यावे आणि वरच्या ओळीवर न्यावे.

---

निवृत्त_जुळारी

माझा गणिताशी संबंध इतकाच की खिळ्यांच्या छपाईच्या काळात मी शालेय पुस्तके जुळवली आहेत. वर कोणी "न लिहिलेले कंस" म्हटले, ते वाचून जुने दिवस आठवले, म्हणून चार शब्द लिहितो.

साधा मजकूर जुळवताना खिळ्यांची एक ओळ हातातल्या पट्टीत भरत जायची. अपूर्णांक आला की हात थांबायचा. अंशाचे बारीक खिळे वर, मध्ये पितळी रेघ अंशाच्या नव्हे तर दोघांत जो लांब असेल त्याच्या मापाची, खाली छेद, आणि हे तिन्ही थर मिळून शेजारच्या ओळीपेक्षा उंच होणार, म्हणून आजूबाजूला वर-खाली कोऱ्या पट्ट्यांची भर. ओळ घट्ट बसली नाही तर छापताना छेदातला आकडा निसटायचा. एका पानात सहा अपूर्णांक असले तर त्या पानाला साध्या मजकुराच्या चार पानांइतका वेळ जायचा. त्यामुळे लेखकाने ओळीतच तिरपी रेघ मारून १/२ असे लिहिले असले की आम्ही त्याला मनोमन दुवा द्यायचो.

ही तिरपी रेघ जुळाऱ्यांचे हाल वाचवण्यासाठीच पुढे आली, हे मला फार नंतर कळले. अपूर्णांक ओळीत बसावा म्हणून ऑगस्टस डी मॉर्गन यांनी १८४५ साली ती सुचवली. अकरावीला संचांचे नियम ज्यांच्या नावाने शिकवतात तेच हे गृहस्थ, आणि त्यांचा जन्म १८०६ साली आपल्या मदुराईचा. पुढे १८८० साली जॉर्ज स्टोक्स यांनी आपल्या संकलित लेखांत ती वापरली. म्हणजे बाईंची अडचण फोनमुळे जन्मलेली नाही. दोन मजली सूत्र एका ओळीत कसे बसवायचे, हा प्रश्न छापखान्यातही होता. तेथे निदान मुद्रितशोधक असायचा.

एक सूचना कामाच्या अनुभवातून करतो. वजाचे चिन्ह ओळीच्या शेवटी पडू देऊ नये. वाचणारा त्याला शब्द तोडल्याची खूण समजतो आणि पुढच्या ओळीवरचे पद धन धरतो. फोनवर ओळ कुठे तुटेल हे आपल्या हातात नसते, म्हणून लांब समीकरण आपणच = पाशी तोडून नव्या ओळीवर घ्यावे.

---

कोडवाला_पुणेकर

जुळारीकाका, वजाच्या चिन्हावरून महत्त्वाची गोष्ट आठवली, ती वर लिहायची राहून गेली.

संदेशाचे ॲप आपली चिन्हे स्वतःच्या खुणा समजून खाऊ शकते. व्हॉट्सॲपमध्ये दोन ताऱ्यांमधला मजकूर ठळक होतो आणि तारे दिसेनासे होतात. ओळीखालच्या दोन रेघांमधला (_) तिरका होतो. म्हणून "(क्ष+१) *य* (क्ष-१)" असे लिहिले तर दोन्ही गुणाकार गायब होतात आणि य तेवढा जाड दिसतो. ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडली तर असे होत नाही, पण × मिळत असेल तर तेच घ्यावे. इंग्रजी एक्स मात्र गुणाकारासाठी कधीही टंकू नये. पुस्तकात तो चल आहे, आणि "५ एक्स ३" मधला एक्स कोणता हे मुलाने का ओळखावे?

२०२४ पासून ओळीच्या सुरुवातीला - आणि नंतर मोकळी जागा आली की तेथे यादीचा ठिपका येतो, आणि > व मोकळी जागा आली की ती ओळ अवतरण म्हणून दिसते. "- ५क्ष + ६" अशी सुरू झालेली ओळ मुलापर्यंत ठिपका आणि "५क्ष + ६" होऊन जाते. वजा पदाला चिकटवून -५क्ष असे लिहावे, किंवा ओळ = ने सुरू करावी. संपूर्ण सूत्र उलट्या अवतरणचिन्हांत (`) टाकले तर आतले सगळे जसेच्या तसे राहते, तोही एक मार्ग आहे.

ताईंच्या दुसऱ्या उदाहरणात ब = -७ आहे. तेथे "--७" असे लिहिण्याचा मोह होतो, आणि काही फोन लागोपाठ आलेल्या दोन वजांची एक लांब रेघ करून टाकतात. उणे उणे अधिक होण्याऐवजी नुसती रेघ उरते. -(-७) असेच लिहावे. त्याच्याच जोडीला -३² हेही कंसाने बांधावे. गणितात ते -९ आहे, पण एक्सेलच्या चौकटीत घातासाठी ^ घेऊन टंकले तर ते ९ देते, कारण तेथे ऋण चिन्ह घाताच्या आधी लागते. घातावर घात आला, जसे २^३^२, तर गणिताच्या रीतीने ५१२ आणि एक्सेलमध्ये ६४. मुले हल्ली उत्तर पडताळायला काय उघडतील सांगता येत नाही.

---

ऐकून_वाचणारा

मला दिसत नाही. पदवीपर्यंत गणित शिकलो, ते फोनवरचा वाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय, जे बोलून दाखवतो त्यावर. फोटो पाठवा म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो की आपला फोटो माझ्यासाठी "चित्र" हा एक शब्द आहे. ओळीत टंकलेले सूत्र ही माझ्यासारख्यांसाठी तडजोड नाही, तेच मूळ सूत्र.

पण त्यातही फरक आहे. विरामचिन्हे कितपत बोलायची हे वाचकात ठरवलेले असते. पातळी कमी असेल तर कंस आणि ^ तो गिळतो, आणि वर उल्लेख आलेला क्ष^(१/२) मला "क्ष एक दोन" असा ऐकू येतो. मी पातळी वाढवून ठेवतो, पण नवख्या मुलाला ते ठाऊक नसते. वर्गात असे एखादे मूल असेल तर चिन्हाऐवजी शब्द लिहावा. वर्गमूळ(ब² - ४अक), केवलमूल्य(क्ष - २), (अंश) भागिले (छेद). केवलमूल्यासाठी दोन उभ्या रेघा टाळाव्या, हे मी डोळसांसाठीही म्हणेन; मराठी कळफलकावर पूर्णविरामाचा दंड शेजारीच असतो आणि चुकून तोच पडतो, असे माझे मित्र सांगतात.

---

वर्ग_दहावी_ब

सर्वांचे मनापासून आभार. काल वर्गात हे करून पाहिले. फळ्यावर दोन मजली सूत्र लिहिले आणि मुलांना ते एका ओळीत उतरवायला सांगितले. मग त्या ओळी शेजारच्याला देऊन त्याच्याकडून सूत्र पुन्हा दोन मजली करून घेतले. ज्याचे सूत्र परत तसेच उभे राहिले नाही त्याचा कुठला कंस हरवला, हे मी न सांगता शेजाऱ्यानेच सांगितले. बारा-दोन लिहिणाऱ्या मुलीने उलट मलाच विचारले, "बाई, मग ४अक ला कंस का नाही घातला?" तेथे नुसता गुणाकार आहे, कशाला काय आधी गुणले तरी फरक पडत नाही, असे मी म्हटले, पण घरी येऊन पाहते तो खरोखरच "४अक" हा मला एखादा शब्द वाटू लागला. इंग्रजी अक्षरे सुटी दिसतात, आपली शेजारी आली की डोळा त्यांचा शब्द करतो. यावर काही उपाय?

---

कोडवाला_पुणेकर

मध्ये उंचीवरचा ठिपका घाला, ४·अ·क, किंवा सरळ ४ × अ × क. असाच घोळ गुणोत्तरात होतो: "अ:ब" घाईत विसर्गासारखे वाचले जाते, म्हणून अ : ब असे दोन्हीकडे जागा सोडून लिहावे. आणि आपण जर साधा लघुसंदेश पाठवत असाल तर चिन्हांची काटकसर करू नका. इंग्रजीतल्या १६० वर्णांची मर्यादा मराठीचे एक अक्षर पडताच ७० वर येते, आणि त्यानंतर √ घातला काय किंवा ² घातला काय, वेगळी किंमत पडत नाही.

---

आडवी_रेघ

शेजाऱ्याकडून सूत्र परत उभे करून घेण्याची युक्ती मी माझ्या शिकवणीत उद्याच वापरणार आहे. फोटोबद्दलचे माझे म्हणणे मागे घेतो. तीन कंसांबद्दलचे मात्र घेत नाही.